पुरणयंत्र आणि आळशी डोळा

आमच्याकडे पुरणपोळी वर्षातून एकदा, होळीला होते, आणि तीही माझ्या मनात आलं तर. त्यामुळे पुरणयंत्राला एरवी काम नसतं. ते स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर, इडलीपात्राच्या मागे, तंगड्या वर करून पडलेलं असतं. गेल्या वर्षी मात्र मी ते बाहेर काढलं, बेडरूममध्ये कपाटाच्या आरशासमोर स्टुलावर आडवं निजवलं आणि जुन्या ओढणीने करकचून बांधलं. नवरा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "आता ह्याचा काय गुन्हा?"

गुन्हा कुणाचाच नव्हता. प्रश्न आमच्या नातीच्या डाव्या डोळ्याचा होता.

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. मुलगी आणि जावई मुलुंडला आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले वर राहतात, आणि दोघांची ऑफिसं अंधेरीला. त्यामुळे शाळा सुटली की नात आमच्या ताब्यात. तेव्हा ती पहिलीत होती. शाळेत मुलांचे डोळे तपासले गेले, त्यात हिचा डावा डोळा नापास झाला, आणि आम्ही सगळे लवाजमा घेऊन घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. डोळ्यात दोष असा काही नाही, फक्त त्याचा नंबर उजव्यापेक्षा बराच जास्त. लहानपणापासून त्याने पाठवलेलं चित्र धूसर यायचं, मग मेंदूने त्याचं ऐकणंच सोडलं आणि सगळा कारभार उजव्यावर सोपवला. आता चष्मा लावून चित्र स्वच्छ केलं, तरी मेंदूला त्याचं ऐकायची सवय राहिलेली नाही. "तो बोलतोय, पण घरात कुणी लक्षच देत नाही," असं त्या म्हणाल्या.

"ह्या अवस्थेची मला कल्पना आहे," माझा नवरा म्हणाला. जावई हसला. मी हसले नाही.

उपाय सोपा होता आणि म्हणूनच कठीण होता. रोज काही वेळ चांगला डोळा झाकायचा आणि कमजोर डोळ्याकडून बारीक काम करून घ्यायचं. चिकटपट्टीने हिच्या गालावर पुरळ उठलं, म्हणून चष्म्याच्या काचेवर चढवायची कापडी टोपी मिळाली, तिलाच आम्ही पट्टी म्हणायचो. हे सगळं याच वयात करायचं, मेंदू एकदा पक्का झाला की तो शिकत नाही. पुढच्या तपासणीला फरक दिसला नाही तर पट्टी दिवसभर लावायची, शाळेतसुद्धा. इथे नात पहिल्यांदा बोलली. "शाळेत नाही. शाळेत मी पट्टी लावणार नाही. मी शाळेतच जाणार नाही." नव्या चष्म्यावरून वर्गात दोन दिवस तिला काय काय ऐकावं लागलं होतं, ते आम्हाला मागाहून कळलं.

पहिल्या आठवड्यात घरात युद्ध पेटलं. पट्टी चढवली की नात म्हणायची डोकं दुखतंय, पोट दुखतंय, गुडघा दुखतोय. पुस्तक दिलं तर मिटायची. रांगोळीचे ठिपके जोडायला दिले तर ठिपक्यांना नावं ठेवायची. मोबाइल दिला तर एकदम शहाण्यासारखी बसायची, पण मान अशी तिरकी करायची की चष्म्याच्या वरच्या फटीतून उजवा डोळा आरामात सिनेमा बघेल. मुलगी संध्याकाळी दमून यायची आणि म्हणायची, "आई, वाट लागली आहे यार. पट्टी लावूनही ही उजव्यानेच बघतेय."

मला राग येतो तेव्हा मला काहीतरी सुचतं. हा माझा जुना गुण आहे, नवरा त्याला दुसरं नाव देतो.

मी नोकरी केली ती ड्रॉइंग ऑफिसात. यंत्रांचे सुटे भाग, पाइप, खांब, जिने, सगळ्याचे आराखडे आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो. काम पुरं झालं की ते तपासनिसाकडे जायचं. त्याच्या खिशात लाल पेन्सिल असायची. चूक दिसली की तो त्यावर लाल गोल करायचा आणि कागद परत पाठवायचा. लाल गोल घेऊन आपल्या टेबलाकडे परत चालत येणं म्हणजे अख्ख्या हॉलसमोर कान धरल्यासारखं वाटायचं. माझ्या कागदावर उभ्या नोकरीत तो गोल कधी आला नाही. मी निवृत्त झाले तेव्हा तपासनिसाने ती लाल पेन्सिलच मला भेट दिली, म्हणाला, तुमच्यावर वापरायची राहिली. ही गोष्ट मी घरी जरा जास्त वेळा सांगते, असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

तर त्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आम्ही एक उद्योग करायचो. ट्रेसिंग पेपरचे उरलेले तुकडे एकावर एक ठेवायचे, खालचं चित्र वर दिसतंच, त्यावरून जरासं बदलून पुढचं काढायचं. असं बरंच काढून झालं की एका बाजूने घट्ट धरायचं आणि अंगठ्याने फर्रकन सोडायचं. साहेब खुर्चीतून उठायचे, चालायचे, केळ्याच्या सालीवरून घसरायचे. पुन्हा सोडलं की पुन्हा घसरायचे. साहेबांना हे कधी कळलं नाही.

ते आठवलं आणि मी ठरवलं, नातीला हलणारी चित्रंच हवीत ना? मग मी देते. पण अशी, की डोळा दोन बोटं दूर गेला तर काही दिसता कामा नये.

पहिलं खेळणं अगदी सोपं केलं. लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे मी टाकत नाही. त्यातल्या एकाची गोल चकती कापली, एका बाजूला तवा काढला, दुसऱ्या बाजूला बांगडा, पण उलटा, डोकं खाली. दोन कडांना दोरा ओवला. लहानपणी बटणाचं भिरभिरं करायचो तसं दोऱ्याला पीळ देऊन ताणलं की चकती गरगर फिरते आणि बांगडा तव्यात. दोन्ही बाजू वेगळ्या असतात, पण डोळा पहिली सोडायच्या आत दुसरी येते, म्हणून एकत्र दिसतात. नातीने ते फिरवलं, बघितलं, आणि म्हणाली, "पण हा शिजत नाहीये." नवऱ्याने चकती हातात घेतली आणि गंभीरपणे सांगितलं की मीठ कमी आहे.

या चकतीने आठवडाभर शांतता आणली. पट्टी मीच चढवायची, समोर बसायची, आणि ती फिरवायची. पुढे मांजर आणि टोपली झाली, आजोबा आणि टोपी झाली. पण डोळा तासाभराने लाल व्हायचा, पाणी यायचं, आणि नात चकती फेकून द्यायची. नवऱ्याला हे बघवायचं नाही. तो भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत वाढलेला मालवणी माणूस, घरात कुणाचं बोट कापलं तरी त्याच्याच डोळ्यांत पाणी. तिने रडायला सुरुवात केली की हा उठून स्वयंपाकघरात जायचा आणि कारण नसताना कांदा चिरायचा.

मग मी मोठं काम हातात घेतलं. सिनेमा यायच्या कितीतरी आधी लोकांनी एक चकती केली होती. तिचं इंग्रजी नाव इतकं अवघड आहे की नवऱ्याला ते खोकल्याचं औषध वाटलं. आम्ही तिला चकतीच म्हणायचो. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, थाळीपेक्षा मोठा गोल कापायचा. कडेला सारख्या अंतरावर अरुंद फटी पाडायच्या. दोन फटींच्या मधे एकेक चित्र, प्रत्येक मागच्यापेक्षा जरासं वेगळं. पाठीमागची बाजू काळी रंगवायची. मग चित्रांचं तोंड आरशाकडे करून चकती फिरवायची आणि मागून, फटीला डोळा लावून, आरशात बघायचं. फटीशिवाय बघाल तर सगळा चिखल. फटीतून बघाल तर प्रत्येक चित्र क्षणभर दिसतं, मग काळोख, मग पुढचं, आणि मांजर उडी मारतं.

मला यात सगळ्यात काय आवडलं असेल तर हे, की फटीला एकच डोळा लागतो. मान तिरकी करून चालत नाही.

फिरवायला पुरणयंत्राइतकं चांगलं काही नाही. मागे दांडा, आणि त्याचं टोक जाळीतून पुढे येतं. तिथे चकती बसवली, बटणाने आणि दोऱ्याने आवळली. एका माणसाने मागे बसून दांडा फिरवायचा, दुसऱ्याने चकतीमागून बघायचं. पहिल्या चकतीवर मी मांजर काढलं होतं, ते बांगडा पळवतं. हात दुखेपर्यंत फिरवलं. नात फटीला डोळा लावून बसली आणि पहिल्यांदाच किती वाजले असं तिने विचारलं नाही.

चकती आली तशी कामाची वाटणी झाली. माझे दोन्ही हात यंत्रात, म्हणून पट्टी चढवायचं काम नवऱ्याकडे गेलं. तो स्वयंपाकघरात तिला खुर्चीवर उभी करायचा, चष्म्यावर टोपी चढवायचा, आणि आणून आरशासमोर बसवायचा. वेळ संपली की परत स्वयंपाकघरात, पट्टी काढायची आणि शेंगदाण्याचा लाडू द्यायचा. मी नातीच्या मागे बसायचे. चकतीच्या वरून आरशात तिचं कपाळ आणि पट्टीचा वरचा भाग दिसायचा. मी तेवढा बघून घ्यायचे, कारण माझा कुणावर विश्वास नाही, हे माझ्या तोंडावरही लोक सांगतात.

आणि काय सांगू, डोळा धावायला लागला! पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, मांजर पांढरं आहे, शेपटी काळी आहे. दुसऱ्या चकतीवर मी बारीक पेनाने काम केलं. कावळा नळाची तोटी उघडतो. तिने तोटीचा स्क्रूसुद्धा सांगितला. आमच्या पेनांना ठरलेली जाडी असते. जाड पेन बाहेरच्या रेषेला, मधलं आतल्या रेषेला, आणि सगळ्यात बारीक पेन मापं लिहायला. तिसऱ्या चकतीवर मी त्या मापाच्या पेनाने माशाला मिशा काढल्या. नात ओरडली, "माशाला मिशा आहेत! आजोबांसारख्या!"

डोळा लाल होत नव्हता, पाणी येत नव्हतं. मी हवेत होते. मुलीला ऑफिसात फोन करून सांगितलं. सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांना सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. जावयाला म्हटलं, तुमच्या डॉक्टरीणबाईंना पुरणयंत्राचा पत्ता देऊन ठेवा. मला वाटायला लागलं होतं की आता ही तपासणी म्हणजे नुसती औपचारिकता आहे.

नवरा या सगळ्यात फार शांत होता. मी त्याला म्हटलंसुद्धा, "अहो, तुम्हाला आनंद झालेला दिसत नाही." तो म्हणाला, "झालाय ना. खूप झालाय." आणि कांदा चिरायला गेला.

तपासणीला साधारण पंधरवडा उरला असताना एका दुपारी मी दांडा फिरवता फिरवता पुढे वाकले. माझा चेहरा आरशात नातीच्या चेहऱ्याच्या वर आला. माझ्या नाकात चमकी आहे. लग्नाच्या आधीपासून आहे, सगळ्यांची असते तशी डाव्या बाजूला. ऊन पडून ती आरशात चमकली. तिच्या बरोब्बर खाली, त्याच बाजूला, नातीची पट्टी.

मी दांडा सोडला. चमकी डावीकडे. पट्टी चमकीच्या बाजूला. म्हणजे पट्टी डाव्या डोळ्यावर. म्हणजे ज्या डोळ्याला काम करायचं होतं तोच पट्टीखाली झोपलेला, आणि माशाच्या मिशा ज्याने मोजल्या तो उजवा, जो आधीपासूनच हुशार होता.

मला हे इतके दिवस का दिसलं नाही? कारण मी ड्रॉइंग ऑफिसातली. ट्रेसिंग पेपर पाठीमागून वाचायची आम्हाला इतकी सवय की उलटं दिसलं की आम्ही मनातल्या मनात सुलटं करून घेतो, न विचारता. आरशात उलटं दिसतं, हे मला माहीत. म्हणून आरशात पट्टी डावीकडे दिसली की मी तिला मनातल्या मनात उजवीकडे नेऊन ठेवायचे आणि समाधानाने दांडा फिरवायचे. आम्ही दोघीही आरशाकडेच तोंड करून बसलोय, इथे डावं ते डावंच आहे, उलटायची गरजच नाही, हे एखाद्या साध्या माणसाला लगेच कळलं असतं. अतिशहाण्या बाईला कळायला नाकातली चमकी लागली.

"पट्टी ह्या डोळ्यावर कुणी लावली?" मी विचारलं.

नातीने फटीवरचा डोळा काढला नाही. "सिक्रेट आहे," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले. नवरा बांगड्याला मसाला चोळत होता. माझा चेहरा बघून त्याने हात धुतले. घाबरला की तो मालवणीवर येतो.

"अगो, तो डोळो लाल झालो हुतो. पाणी येय होता. दुखऱ्या पायान कोण धावता काय?"

"पाय नाहीये तो! डोळा आहे! आणि दुखरा नाहीये, आळशी आहे!"

"दोन दिवस इसरांती देवची म्हटलंय," तो म्हणाला, मग जरा सावरून, "पण मग ती इतकी खूश झाली. पहिल्यांदा न रडता बसली. आणि तू... तू किती वर्षांनी एवढी खूश होतीस. फोन काय, भाजीवाली काय. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

मी खूप बोलले. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या गावाचा, त्याच्या आईच्या तेल चोळण्याच्या उपायांचा, आणि त्या बिचाऱ्या बांगड्याचाही त्यात उद्धार झाला. तो ऐकत उभा राहिला. मला खरं तर रडायचं होतं. मला भीती वाटत होती. आम्ही दोघांनी मिळून, एकाने मायेने आणि एकीने हुशारीने, पोरीचे ते दिवस वाया घालवले होते.

परत येऊन मी पट्टी काढली आणि उजव्या काचेवर चढवली. "आता बघ," म्हटलं आणि दांडा फिरवला.

नात फटीला डावा डोळा लावून बसली. डोळा बारीक केला, मोठा केला. मग म्हणाली, "आजी, मासा नाहीये."

"आहे. नीट बघ."

"नाहीये. नुसता धूर आहे." तिचा आवाज बारीक झाला. "मला शाळेत लावायला लागणार ना पट्टी?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "माहीत नाही. पण आपण त्या डोळ्याला कामाला लावू. उद्यापासून मोठ्या माशाने सुरुवात."

त्या संध्याकाळी मुलगी खाली आली तेव्हा आम्ही दोघांनी शाळेतल्या मुलांसारखं उभं राहून सांगितलं. ती आधी चिडली, मग सोफ्यावर बसली आणि हसत सुटली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही दोघं ना," एवढंच म्हणाली. जावई समजूतदार आहे, त्याने सगळ्यांसाठी चहा केला.

दुसऱ्या दिवसापासून कारभार बदलला. पट्टी मी चढवायची आणि आरशात चमकीशी ताडून बघायची. चमकीच्या बाजूला नसली म्हणजे बरोबर. नात स्वतःच माझं नाक बघून ओरडायला लागली, "चेक!" दांडा फिरवायची शिक्षा नवऱ्याला. तो सुरुवातीला मिक्सर असल्यासारखा फिरवायचा. मग नातीने त्याला वेग शिकवला. "हळू आजोबा. अजून हळू. तुम्ही वाटण वाटत नाही आहात, सिनेमा दाखवताय."

चित्रांत मी पार खाली उतरले. नवी चकती घेतली, फटी जरा रुंद पाडल्या म्हणजे उजेड जास्त येईल, आणि मार्करने काळाभोर चेंडू काढला. फक्त चेंडू. खाली जातो, वर येतो. नोकरीतल्या माणसांनी पाहिलं असतं तर माझी पेन्शन थांबवली असती. नात म्हणाली, "काहीतरी उडतंय." दोन दिवसांनी म्हणाली, "गोल आहे." त्या "गोल आहे"ने मला झाला तेवढा आनंद माशाच्या मिशांनीसुद्धा झाला नव्हता.

डोळा लाल व्हायचा, पाणी यायचं. नवरा दांडा फिरवता फिरवता दुसरीकडे बघायचा. मी थांबायचे, गार पाण्याची घडी ठेवायचे, पुन्हा फिरवायला लावायचे. एकदा ती चिडून म्हणाली, "हा डोळा वेडा आहे." मी म्हटलं, "वेडा नाही, त्याला कुणी काही विचारलंच नाही इतके दिवस. तू विचार." मग ती डोळ्याशी बोलायला लागली. फटीला टेकून कुजबुजायची, "काय दिसतं रे? सांग ना, घाबरू नको." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

मार्करनंतर जाड पेन आलं. चेंडूचा फुगा झाला, फुग्याला दोरा आला, दोऱ्याला मुलगी आली. मग मधलं पेन. मुलीला वेण्या आल्या. प्रत्येक पेन बदलताना मला धाकधूक व्हायची, आणि तीन-चार दिवस तरी ती म्हणायची, "धूर, धूर, धूर." मग एक दिवस धूर बाजूला व्हायचा. मापाचं बारीक पेन मात्र मी डबीतून काढत नव्हते. मला परत मूर्ख व्हायचं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी शेवटची चकती केली. नवऱ्याचं चित्र. तो तव्यासमोर उभा, बांगडा हवेत उडवतो, बांगडा उलटा होऊन परत तव्यात. बारा चित्रं, ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून, अगदी ऑफिसात करायचे तशी. त्याचं पोट जाड पेनाने, कारण तेच न्याय्य होतं. तवा मधल्या पेनाने. आणि मिशी, मी बराच विचार करून, मापाच्या पेनाने. त्याची मिशी तशी विरळच आहे.

दुपारी बसलो. उजव्या काचेवर पट्टी, चेक झालं. नवऱ्याने दांडा धरला. स्वतःचं चित्र बघून तो आधीच खूश होता. नात फटीला टेकली.

"आजोबा आहेत," ती म्हणाली. "बांगडा उडतोय." मग थोडं थांबून, "पोट हलतंय."

"पोट मी हलवलेलं नाही," मी म्हटलं.

"हलतंय." ती अजून जवळ सरकली. नाक चकतीला लागेल इतकी. "आजोबा, हळू ना."

नवऱ्याने वेग कमी केला.

"आजी, मिशी जाते."

"काय?"

"मिशी. आजोबांची मिशी मधेच जाते. मग परत येते. जाते... आली. जाते... आली."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "जात नाही. बारा वेळा काढली आहे मी. माझं ड्रॉइंग आहे ते." मनात मात्र आलं की बारीक रेष तिला दिसत नाहीये, म्हणून तिला ती गेल्यासारखी वाटतेय.

"जाते," ती म्हणाली. ती माझी नात आहे.

नवऱ्याने यंत्र थांबवलं. मी जवळचा चष्मा लावला आणि चकती हाताने एकेक चित्र सरकवत बघू लागले. मिशी. मिशी. मिशी. बांगडा हवेत अगदी वर गेला आहे त्या चित्रात नवऱ्याचं तोंड वर, नाक, हनुवटी, सगळं जिथल्या तिथे. आणि ओठावर काहीच नाही. तुळतुळीत.

आम्ही तिघंही ते चित्र बघत होतो. नवऱ्याचा हात नकळत स्वतःच्या ओठावर गेला. मी आरशात बघितलं. चमकी एका बाजूला, पट्टी दुसऱ्या. पुन्हा बघितलं. मग मी नातीचा चष्मा काढून पट्टीच्या कडा चाचपल्या, कुठे फट नाही ना. नव्हती.

मी उठले, कपाट उघडलं आणि शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवलेली ती लाल पेन्सिल काढली. नातीचा चष्मा परत चढवला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "चूक जिथे आहे तिथे गोल कर," म्हटलं.

तिने चकती आपल्याकडे वळवली. पट्टी उजव्या डोळ्यावर होती, डावा डोळा पाणावलेला, लाल, आणि उघडा. जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश, तिने आजोबांच्या ओठावर, जिथे मिशी नव्हती तिथे, लाल गोल काढला.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला ती तक्त्यावर खालच्या दोन ओळी जास्त वाचून आली. बाई म्हणाल्या, पट्टी अजून बरेच महिने, पण घरीच, शाळेत नको. नात दवाखान्यातच उड्या मारायला लागली. नवरा रुमाल शोधत होता. मी चकती सोबत नेली होती, बाईंना दाखवायला. त्यांनी आपला एक डोळा मिटून ती वरखाली करून बघितली आणि विचारलं, "ह्या लाल गोलाचं काय?"

"माझी चूक आहे," मी म्हटलं. आणि नातीने तेवढ्यात पुढे होऊन सांगितलं, "मी पकडली. ह्या डोळ्याने."